तेजाबाला पक्का

आमच्या गल्लीतलं कुत्रं मुळात पांढरं होतं, ही गोष्ट गल्लीत फक्त मला आणि त्या कुत्र्यालाच ठाऊक होती. अप्पांच्या रंगाच्या शेडमागून जी मोरी वाहायची तिच्यात ते उन्हाळाभर पसरलेलं असायचं, आणि शेडमध्ये ज्या दिवशी जो रंग शिजला तो अंगावर घेऊन उठायचं. सोमवारी हिरवं, बुधवारी जांभळं. कॉलेजात मी सांगत असे की आमची म्हैस गुलाबी दूध देते, आणि बाहेरगावची पोरं ते ऐकून चहात काय येत असेल याचा विचार करत बसायची. म्हशीचं खोटं होतं. आमच्याकडं म्हैस नव्हतीच. कुत्र्याचं मात्र खरं. पुढं मी जे सांगणार आहे त्यात म्हशी किती आणि कुत्री किती, हे वाचणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं. फक्त अक्काचं जे येईल ते सगळं कुत्र्याच्या जातीचं आहे, एवढं धरून चालावं.

शेड खाली आणि आम्ही वर. खाली मोठमोठ्या पातेल्यांतून सुताच्या लडी उकळायच्या, त्यांची वाफ लाकडी तक्तपोशीच्या फटींतून वर यायची आणि अव्वाच्या, म्हणजे आईच्या, भाकरीला सोड्याचा वास लागायचा. शेजारी मागांची खटखट, खाली ओल्या लडी दगडावर आपटल्याचा धप-धप आवाज, आणि त्या दोहोंच्या वर अप्पांचा आवाज. अप्पा बोलायला लागले की माग बंद पडले की काय असं वाटायचं. त्यांचा एक खेळ होता. गिऱ्हाईक आलं की ते चिनीमातीच्या कपात गंधकाचा तेजाब ओतायचे, आपल्या सुताचा एक तुकडा त्यात सोडायचे आणि हात कमरेवर ठेवून म्हणायचे, "बघा. रंग लावायला कुणीबी लावंल. सुटतो का बघा." तुकडा लालच्या लाल बाहेर यायचा. आमच्या घरात सगळ्यात मोठी शिवी 'कच्चा रंग' ही होती. ती नातेवाइकांना, पुढाऱ्यांना आणि आत्याच्या नवऱ्याला सारखीच लागू पडायची. अव्वा चिडली की कानडीत शिरायची, अप्पा चिडले की रंगात.

अक्का माझ्याहून थोरली. शाळा संपल्यावर ती खालीच बसायची, सुताची गाठोडी सोडायची, लडी बांधायची, आणि दिवेलागणीला वर येईपर्यंत तिच्या भुवयांवर कापसाची लव साचलेली असायची. थंडीत ती पहाटे उठून खोकायची. तो खोकला म्हणजे आमच्या घरचं घड्याळ होतं. अक्का खोकली की अव्वा चूल पेटवायची, अप्पा विभूतीचे पट्टे ओढायला बसायचे आणि मी कूस बदलून पुन्हा झोपायची. घड्याळाकडं कोण लक्ष देतं, चालू आहे तोवर.

आणि पाणी. सोलापुरात पाण्याला वार असतो हे मी आज परगावच्या माणसाला सांगते तेव्हा तो हसतो, पण आजही नळ यायचा दिवस विचारूनच आमच्याकडं पाहुणे बोलावतात. त्या काळी आमचा सगळा भरवसा जिन्याखालच्या हौदावर. तो अप्पांच्या आज्यानं बांधलेला. त्याचा तळ कुणी पाहिला नव्हता. तळ बघायला उतरलेला माझा एक चुलतभाऊ अजून वर यायचाय, असं मी वसतिगृहातल्या मुलींना सांगत असे.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला जंतूंचा विषय आला. पहिल्या वर्षी मी पाठ केलेलं सगळं विसरून झालं होतं, आणि वर्गात काहीही कळलं नाही तरी मान हलवायची कला मला साधली होती. अप्पा मला नंदी म्हणायचे ते नुसतं महानंदा या नावावरून नव्हे. पण इनामदार मॅडमच्या तासाला मान हलायची थांबली. बारीक चणीची बाई, आवाज इतका हळू की मागच्या बाकावरच्या पोरांना पहिल्यांदाच पुढं येऊन बसावं लागलं. त्यांनी फळ्यावर एक काडी काढली आणि म्हणाल्या, "हा क्षयाचा जंतू. याच्या अंगावर मेणासारखं वेष्टन असतं. साधा रंग आत शिरत नाही. रंग ओतून खालून ऊब दिली, वाफ निघेपर्यंत, की शिरतो. आणि एकदा शिरला की वर ॲसिड ओतलं तरी सुटत नाही. बाकीच्या जंतूंचा धुऊन जातो, याचा राहतो. म्हणून याला ॲसिड-फास्ट म्हणायचं."

"म्हणजे तेजाबाला पक्का," मी बसल्या जागेवरून बोलून गेले.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या. "पक्का. चांगला शब्द आहे."

त्या दिवशी मी घरी उडत आले. इतकी वर्षं शिकायला बाहेर जायची ते आमच्या शेडमध्येच शिजत होतं. तो लाल रंग म्हणजे आमच्या फळीवरच्या डब्यातला मॅजेंटा, नुसतं नाव फुक्सिन. आधी लाल, मग तेजाब, मग जमिनीला निळा, म्हणजे निळ्या जमिनीवर लाल नक्षी, चादरीसारखंच. अप्पांना हे सांगितलं आणि चूकच झाली. संध्याकाळपर्यंत सात रस्त्यापर्यंत बातमी पोचली होती की टीबीचा शोध रंगाऱ्यांनी लावलेला हाय आणि डॉक्टर लोकांनी तो दाबून ठेवला.

मग प्रॅक्टिकल आलं. मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं एक स्लाइड आपल्या स्वतःच्या कफाची करायची, निरोगी माणसाची कशी दिसते ते बघायला. शेजारी त्या एक रोग्याची तयार स्लाइड ठेवणार. आणि त्या आठवड्यात कॉलेजचे नळ कोरडे होते, तेव्हा काचा धुवायला ज्यानं त्यानं घरून बाटलीभर स्वच्छ पाणी आणायचं. (आज असं काही सांगितलं तर माझी नोकरी जाईल. आता कफाला हात लावायचा तर हातमोजे, मुखपट्टी आणि वारा ओढून घेणारं कपाट लागतं, आणि ते लागायलाच हवं. तेव्हा आमच्याकडं काडेपेटी होती.) मी सकाळी हौदातून बाटली भरली. पाणी असं नितळ की त्यात माझा चेहरा असायचा त्यापेक्षा बरा दिसला. पण कफ कुठून आणायचा. त्या वयात मी इतकी ठणठणीत होते की खोकला मला रस्त्यात भेटला असता तर ओळख दिली नसती. खाकरून खाकरून घसा बसला, निघाली नुसती लाळ. तेवढ्यात मोरीपाशी घड्याळ वाजलं.

"अक्का, थुंकू नको. ह्या डबीत दे."

"काय करायचं हाय त्याचं?"

"शिकायचंय."

"घे. माझ्या बेडक्यावर डॉक्टर हो, आणि उद्या मलाच तपासायला ये," अक्का म्हणाली.

काचेवर पसरलं, वाळवलं, ज्योतीवरून फिरवलं. लाल ओतला, वाफ काढली, बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, तेजाब, पुन्हा पाणी, निळा, पुन्हा पाणी. रंगाऱ्याची पोर, माझी स्लाइड सगळ्यांत देखणी झाली. तेलाचा थेंब टाकून डोळा लावला. निळी जमीन. तिच्यावर फिकट निळ्या पेशी, ढगासारख्या. थोडं सरकवलं. आणि एका ढगाच्या कडेला लाल काड्या. बारीक, किंचित वाकड्या, दोन एकत्र, एक एकटी. कुणीतरी सुईत लाल दोरा ओवून दोन टाके घालून उठून गेल्यासारखं.

आधी मला आनंद झाला, हे लिहिताना आजही विचित्र वाटतं. बरोबर रंगवलं याचाच आनंद. मग आठवलं की ही मॅडमची स्लाइड नव्हे, ही अक्का आहे.

मॅडम एकेका मायक्रोस्कोपात डोकावत येत होत्या. त्या माझ्या टेबलाशी येईपर्यंत मी काच सरकवून नुसती निळी जमीन समोर आणली. त्यांनी पाहिलं, "सुरेख रंगवलंय," म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

आमच्या घरात त्या रोगाचं नाव घेत नसत. 'मोठा खोकला' म्हणत, तेही दार लावून. अप्पांची धाकटी बहीण मोठ्या खोकल्यानं गेली होती, लग्नानंतर थोड्याच दिवसांत, आणि सासरच्यांनी तिची पेटी आमच्या दारात आणून ठेवली होती. ती पेटी माळ्यावर होती. तीत काय आहे असं विचारलं की अव्वा म्हणायची, "सुम्क कूड," म्हणजे गप बस. आणि इकडं अक्काला अकलूजचं स्थळ आलेलं, बघणं होऊन पसंतीही आलेली. मुलगा दूध डेअरीत दुधाची तपासणी करणारा, घरी ऊस, चार खोल्यांचं पक्कं घर. रविवारी सुपारी फुटायची होती. अव्वानं शेंगापोळ्यांसाठी शेंगदाणे भाजायला घेतले होते आणि सगळ्या घराला तो खमंग वास भरून राहिला होता. तो वास आला की मला आजही त्या लाल काड्या दिसतात. पोळी खाते, पण काड्यांसकट.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबी पुढं केली. अक्कानं काही न विचारता भरून दिली. पुन्हा तीच बाटली, तोच रंग, आणि पुन्हा काड्या, कालच्याहून जास्त. मग मी पुस्तक उघडलं, आणि पुस्तकासारखा वैरी नाही. खोकला: आहे. वजन घटणे: अक्का कधी जाड होती? संध्याकाळी ताप: ताप बघायला मी तिच्या कपाळाला इतक्यांदा हात लावला की ती म्हणाली, "मी काय भाकरीचा तवा हाय का?" जेवताना तिनं आमटीची चव घेतलेला चमचा परत पातेल्यात घातला तर माझा घास तोंडात फिरायचा. शेजारची बाई आपलं तान्हं बाळ अक्काच्या मांडीवर टाकून पाण्याच्या रांगेत जायची, आणि अक्का त्याच्या गालाला गाल लावून बोलायची. मी ते बाळ हिसकावून घ्यायची आणि मग मला धरता येत नाही म्हणून ते किंचाळायचं. अक्काचा पेला मी वेगळा ठेवायला लागले. तो अव्वानं पाहिला.

"लग्नाच्या घरात पेले वेगळे कराय लागलीस? येन आयतु निनगं?" काय झालंय तुला, असं.

"कॉलेजात शिकवलंय, प्रत्येकानं आपला पेला वेगळा ठेवायचा."

"मग सगळ्यांचा ठेव की. तिचाच कशाला?"

मी सगळ्यांचे वेगळे केले. अप्पा नियम ऐकून लगेच माझ्या पेल्यातून पाणी प्यायले.

जे मला माहीत होतं ते घरात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं, आणि रविवार गाडीसारखा अंगावर येत होता. बोलले तर स्थळ मोडणार, आणि माळ्यावरच्या पेटीशेजारी दुसरी पेटी. नाही बोलले तर अक्का तो खोकला घेऊन अकलूजला जाणार, तिथं नव्या सुनेला डॉक्टरकडं कोण नेणार. झोप उडाली. मी, जी पलंगावरून पडले तरी जागी होत नसे, ती पहाटे अक्काच्या आधी उठून तिच्या खोकल्याची वाट बघत बसायची, आणि तो आला की मोजायची नाही असं ठरवून मोजायची.

शेवटी गच्चीवर सांगितलं. दुपार होती, बांबूंवर लाल लडी वाळत होत्या, आणि अक्का त्या उलटत होती. मी रडत रडत सगळं ओकले, डबी, काच, काड्या. अक्काचे हात थांबले नाहीत.

"औषध हाय का त्याला?"

"हाय. रोज गोळ्या. लई महिने घ्याव्या लागतात, पण बरं होतं."

"मग रडतीस कशाला?"

"रविवारी सुपारी हाय, अक्का."

"हाय की. त्यांना सांगायचं."

"फुटू दे आधी. मग हळूच औषध चालू करू, कुणाला कळणार न्हाय. मी आणून देत जाईन."

तिनं एक लड झटकली, पाण्याचे लाल थेंब माझ्या तोंडावर उडाले. "आत्यानं लपवलं होतं, नंदे. अप्पांनी नव्हं, तिनंच. मी लहान होते, मला आठवतंय. पदर तोंडात कोंबून खोकायची. मला तसं जमायचं न्हाय. मी मोठ्यांदा खोकते." आणि तेवढ्यात खोकली, मोठ्यांदा.

रविवारी अकलूजचे पाहुणे आले: मुलगा आणि त्याचे वडील. उप्पीट झालं, शेंगापोळी झाली, वर तूप झालं. अप्पांनी कप मागवला, तेजाब ओतला आणि होणाऱ्या व्याह्याला तुकडा बुडवून दाखवला. "आमच्या घरचं असं असतंय, पाव्हणं. सुटायचं नाव न्हाय." व्याही खूश झाले. मुलगाही पुढं वाकून बघत होता. दिसायला बरा होता, केस पाणी लावून बसवलेले. मी दारात उभी होते आणि माझ्या कानात मागांची खटखट इतकी वाढली होती की बाहेर माग चालू आहेत की माझ्या छातीत, कळत नव्हतं. रविवारी माग बंद असतात.

अडकित्ता आणि सुपारी आणायला अव्वानं अक्काला हाक मारली. अक्का आली, तबक खाली ठेवलं, पण उठून गेली नाही.

"एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "मला टीबी हाय. हिनं मशिनीत बघितलंय. औषध घेतलं की बरं होतंय म्हणती. तुमी ऐकून मग सुपारी फोडा."

 मग अप्पा हसले. "मस्करी करती. पोरगी लई मस्करी करती, आमच्या घरात सगळीच तसली." अप्पांचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या खोलीत ऐकू गेला नसेल इतका लहान झाला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "नंदे?"

मी मान हलवली. आयुष्यभर हलवली तेवढ्यातली ती एक जड होती.

मुलानं हातातली बशी खाली ठेवली. मग खिशातून रुमाल काढला, आणि नाकाला लावावा की नाही हे न कळून हातातच धरला. वडील म्हणाले, "घरी विचार करून कळवतो." जाताना चपला घालण्यात त्यांनी इतकी घाई केली की मुलाच्या पायात बापाची डावी गेली. अव्वानं त्यांच्यासाठी बांधलेला शेंगापोळ्यांचा डबा पायरीवर राहिला. थोड्या वेळानं तो कुत्र्यानं शोधला. त्या दिवशी ते केशरी होतं.

अप्पा कपासमोर बसून राहिले. तुकडा तेजाबात तसाच होता. अव्वा माळ्याकडं बघत होती. शेवटी अप्पा उठले आणि अक्काला म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल. बहिणीला नेलं न्हाय. तुला नेतो."

सोमवारी अप्पा अक्काचा हात धरून थेट इनामदार मॅडमच्या दारात उभे राहिले, मी त्यांच्या मागं, मान न हलवता. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत; त्यांनी अक्काला छातीच्या फोटोला पाठवलं आणि तिचा कफ घेऊन खाली रोग्यांच्या प्रयोगशाळेत दिला. फोटो आला: स्वच्छ. खालचं उत्तर आलं: जंतू नाहीत. दुसऱ्या दिवशी अप्पा तिला पुन्हा घेऊन आले, कफ पुन्हा पाठवला, पुन्हा नाहीत. मी माझ्या दोन्ही काचा पुढं केल्या. मॅडमनी त्या बराच वेळ पाहिल्या. मीही पुन्हा पाहिलं. काड्या होत्याच. म्हणजे आता एकतर फोटो खोटा किंवा मी वेडी.

"नवी काच घे," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासमोर कर. तुझाच रंग, तुझंच पाणी."

मी अक्काच्या डबीकडं हात नेला.

"ती नको. काचेवर काही ठेवायचं नाही. कोरी काच रंगव."

मला वाटलं शिक्षा आहे. अप्पा दाराला टेकून उभे, अक्का बाकावर पाय हलवत. कोऱ्या काचेवर लाल ओतला, वाफ काढली, धुतलं, तेजाब, धुतलं, निळा, धुतलं. असला मूर्खपणाचा रंग आमच्या घराण्यात कुणी कधी लावला नसेल. मॅडमनी डोळा लावला, सरकवलं, थांबल्या, आणि उठून मला बसवलं.

नुसती फिकट निळाई. ना पेशी, ना ढग. आणि तिच्यात लाल काड्या, दोन एकत्र, एक एकटी.

"आता कोण आजारी आहे?" मॅडमनी विचारलं. "काच?" आणि मग, तितक्याच हळू, "पाणी कुठलं?"

"घरचं. हौदातलं."

"किती जुना हौद?"

उत्तर अप्पांनी दिलं, तीन पिढ्यांच्या इतिहासासकट. मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि सांगितलं की क्षयाच्या जंतूची एक मोठी भाऊबंदकी आहे. त्यातले पुष्कळ भाऊ जुन्या पाण्यात, टाक्यांत, नळांच्या तोंडात राहतात. धडधाकट माणसाला ते सहसा काही करत नाहीत, पण अंगावर मेण तेच, म्हणून तेजाबात तेही सुटत नाहीत. धुताना काचेवर येऊन बसले, आणि मी त्यांना अक्काच्या छातीत घातलं.

"म्हंजे," अप्पा दारातून म्हणाले, "आमच्या हौदातलं सुद्धा पक्कं निघालं." अक्का हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि आम्ही तिघंही तिच्या तोंडापाशी उभी होतो, कुणी मागं सरलं नाही. तो खोकला सुताच्या लवेचा निघाला. तिला लडींच्या खोलीतून काढून गच्चीचं काम दिलं आणि उन्हाळा लागेतो आमच्या घरचं घड्याळ बंद पडलं. अव्वाला कितीतरी दिवस वेळेवर जाग येईना.

पुढं हाच विषय मी जन्मभर शिकवला. पहिल्या प्रॅक्टिकलला मी मुलांना काहीच देत नाही, कोरी काच रंगवायला लावते आणि प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन विचारते, "पाणी कुठलं?" पोरं एकमेकांकडं बघतात. मॅडमचं वय झालं, असं एकानं शेजारच्याला म्हटलेलं मी ऐकलंय. मी मान हलवते.

तिकडं अकलूजला टीबी नसल्याची बातमी पोचायला वेळ लागला नाही. मुलाचे वडील एकटे आले, गैरसमज झाला म्हणाले, सुपारी सोबतच आणली होती. अप्पांचा चेहरा फुलला. अक्का जिन्यात बसून ऐकत होती, तिथूनच म्हणाली, "अप्पा, तेजाब नुसता दाखवला तर रंग सुटला की." अप्पांचाच तेजाब, अप्पांनाच परत. त्यांनी स्वतः पाहुण्यांना रिक्षा करून दिली.

तिथून अव्वाच्या चिंतेला अंत राहिला नाही. कारण अक्कानं आता नेमच धरला. जे स्थळ येईल त्याला चहाच्या आधी सांगायचं, "मला टीबी हाय." अव्वा कानडीतून रडायची, अप्पा जिन्यात लपायचे. एक मास्तर खिडकीतून हवा घ्यायला उठले ते गल्लीच्या टोकाला दिसले. एका पाहुण्याची एक चप्पल राहिली, ती अप्पांनी जोडी जमेल या आशेनं जपली, आणि पुढच्या महिन्यात जमली. मलाही भीती वाटायला लागली, पहिल्यापेक्षा वेगळी. त्या काड्या काचेवरून गेल्या होत्या, पण माझ्या हातानं अक्काच्या नशिबाला लागल्या होत्या आणि सुटत नव्हत्या.

मग वळसंगचा एक आला. उन्हानं काळा, हडकुळा, ज्वारी करणारा, सोबत फक्त आई. बाहेरून आला तो डोक्याला शेडचा निळा डाग लावूनच, वाकायचं विसरला म्हणून. अक्कानं तबक ठेवलं आणि आपलं वाक्य म्हटलं. आई लेकाकडं बघायला लागली. मी दारात, जिन्यात अप्पा, चुलीपाशी अव्वा, तिघंही पाहुण्याच्या पायांकडं बघत होतो, चपलेकडं वळतात का म्हणून.

"आजची गोळी घेतली का तुमी?" त्यानं विचारलं.

अक्कानं ठेवलेलं तबक उगाच इकडंतिकडं सरकवलं. तिची अशी गडबड मी जन्मात एकदाच पाहिली.

"न्हाय," ती शेवटी म्हणाली.

"घ्या की मग. आमी थांबतो."

आणि तो खरंच थांबला, मांडी घालून, घाई नसल्यासारखा. घरात गोळी कुठली. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी आत गेले, अव्वाच्या डब्यातली एक जिरागोळी काढली, हौदातून पेला भरला आणि दोन्ही आणून तिच्या हातात दिलं. तिनं त्याच्या समोर गोळी तोंडात टाकली, वर घटाघटा पाणी प्यायली, आणि पेला खाली ठेवताना मान खाली घातली. अव्वा चुलीपासून उठली आणि अडकित्ता शोधायला लागली.

त्या एका दिवशी, पाणी कुठलं, असं मी विचारलं नाही.